सोडलेली मिरची

"डोक्याला लागलं तर लपवायचं नाही. खेळ थांबवायचा आणि सांगायचं."

फिनलेचं हे वाक्य रग्बीच्या शिबिरात रोज सकाळी सुदर्शनच पोरांना मराठीत सांगायचा. फिनले बावीस वर्षांचा, स्कॉटलंडच्या एका व्यावसायिक संघातून रग्बी खेळणारा. सुट्टीत शिकवायला म्हणून आलेला. सुदर्शन इथला प्रशिक्षक, त्यामुळे पाहुणा त्याच्याच घरी उतरला होता.

आता तो खोलीत पडदे ओढून पडला होता. सकाळपासून उलट्या चालल्या होत्या.

"माझ्याच हातचा ठेचा," सुदर्शनची आई, द्वारकाबाई, दाराशी उभ्या राहून म्हणाल्या. "गोऱ्या लेकराला सोसंल व्हय? नाय कसं म्हणावं म्हणून खात गेलं बिचारं."

खरं कारण सुदर्शनला ठाऊक होतं. काल शिबिराचा शेवटचा दिवस, गमतीच्या सामन्यात तो आणि फिनले समोरासमोर होते. पोरं ओरडत होती, "सर, पाडा त्यांना!" कंबरेला धरून पाडायचं हे पोरांना सुदर्शननेच शिकवलेलं. पण जोशात तो कंबर सोडून उंच धडकला आणि त्याचा खांदा फिनलेच्या डोक्यावर आदळला. फिनले उठला, हसला, पोरांच्या टाळ्याही घेतल्या. मग मैदानाबाहेर येऊन हळूच म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. मागच्या मोसमातही लागलंय. आता परत लागलं म्हटलं तर डॉक्टर मला खेळू देणार नाहीत."

पुढच्या आठवड्यात त्याचा सामना होता. अशा डोक्यावर पुन्हा मार बसला तर जिवावर बेततं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी सुदर्शन "बरं" म्हणाला. पाहुण्याचा शब्द मोडायचा कसा? आणि खांदा तर आपलाच होता.

द्वारकाबाई वाटीत दहीभात घेऊन आत गेल्या. पाहुणा जेवल्याशिवाय त्या घास घेत नसत. सकाळपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं. वाटी उशाशी ठेवून त्यांनी हात जोडले.

"माफ कर, लेकरा. आजपासून वर्षभर मिरची सोडली मी. देवापुढं बोललेय."

"काय म्हणतायत?" फिनलेने डोळे किलकिले करून विचारलं.

'दोन घास खा म्हणतात', एवढं सांगूनही भागलं असतं. सुदर्शनच्या तोंडून ते निघेना.

"तुझी माफी मागतायत. आपल्या जेवणानं तू आजारी पडलास असं वाटतंय त्यांना. म्हणून मिरची सोडली. वर्षभर."

फिनले उठून बसला. त्या जोडलेल्या हातांकडे त्याला बघवेना. भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "खरं सांग त्यांना."

"आणि तुझा सामना?"

"सांग."

सुदर्शनने सांगितलं. द्वारकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"आन सकाळपासनं मी माझ्या हाताला दोष देतेय, ते तू नुसतं ऐकत बसलास?"

"चुकलं, आई. ते मिरचीचं राहू दे आता."

"देवापुढं बोललेलं माघारी घेत नसतात." त्यांनी पदर सावरला. "त्याला दवाखान्यात ने. जसं झालं तसं सांगायचं. तिथंबी, आन त्याच्या संघालाबी. काय लपवायचं नाय. कबूल?"

सुदर्शनने फिनलेकडे पाहिलं, इंग्रजीत विचारलं. फिनलेने मान हलवली.

"कबूल, आई. दोघांनाबी."

कोपऱ्यावर गोरा माणूस दिसताच रिक्षावाल्याने सीट झटकली. "किधर चलना, भाई? बीबी का मकबरा? वेरूळ?"

"दवाखाना." सुदर्शनने फिनलेला दंडाला धरून आत बसवलं. "खड्डे बचाके चलो. डोक्याला लागलंय यांच्या."

"अरे! मेहमान को किसने मारा?"

"मैंने," सुदर्शन म्हणाला.