येवल्याचा नमुना

"मावशी, या मासळीच्या भुकटीत विषारी काहीच सापडलं नाही," असं म्हणत नाशिकच्या प्रयोगशाळेतल्या हर्षालीने कुसाबाईंच्या हातात रिपोर्ट दिला.

"असं कसं, ताई? हीच भुकटी खाद्यात कालवली अन् चार दिवसांत माझ्या दोनशे कोंबड्या मेल्या."

हर्षालीने उरलेला नमुना पुन्हा हुंगला. "मासळीची भुकटी, आणि हिला वास कसा नाही?"

"लय घाण मारत व्हती. तसली पिशवी येवल्याहून एसटीत कोण घेतंय? म्हणून फडक्यात बांधून तीन पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली, मंग आणली."

हर्षालीने कपाळावर हात मारला. "मावशी, सडक्या मासळीतलं विष पाण्यात विरघळतं. सगळं वाहून गेलं. गोणीत थोडी उरली असेल ना? ती न धुता आणा."

"गोणी दुकानदारानं बदलून दिली ना, फुकटात." कुसाबाईंनी रिपोर्टची घडी घालून पिशवीत ठेवला. "लय भला माणूस. धुवायचं मला कुठलं सुचतंय? त्यानंच बादली घेऊन धुवून दिली."