नखभर फट

ब्रेकचा रबर रिमला आधी पुढच्या टोकाने टेकला पाहिजे. मागे नखभर फट हवी. मी मागच्या टोकाखाली चहाच्या खोक्याचा तुकडा सरकवून नट आवळला, मग तुकडा काढला. धाकट्या भावाने, इल्होमने, आवाज थांबवायला रिमला चक्क तेल लावलं होतं. ते आधीच पुसलं. गिऱ्हाईक तुर्सुन-आका आपली सायकल फिरवून आले. "सकाळी गाढवासारखी रेंकत, थरथरत होती. आता गप्प." तुतीच्या झाडाखालून बाबा म्हणाले, "इल्होमच्या हाताची किमया. रीतीप्रमाणे घर धाकट्या मुलाचं, दुकानही त्याचंच." "मग काळे हात हिचे कसे?" आकांनी विचारलं. "थोरली आहे, मदत करते." बाबांनी पहिला चहा इल्होमला दिला. पेला धरलेली त्याची स्वच्छ नखं मला बघवेनात. तुकडा खिशात टाकून मी वसंत ऋतूपासून गिळलेलं वाक्य बोलले, "बाबा, मी मार्गिलानच्या बाजारात माझं दुकान काढतेय. इल्होमने लावलेले ब्रेक ओरडले, तर गिऱ्हाईक तिकडे पाठवा."