गोळ्यांची रांग

"गळ्यातली फीत काढा," वॉर्डच्या दाराशी बसलेला वॉर्डबॉय मामा म्हणाला. "आत फीत, पट्टा, नाडी काही चालत नाही. ओळखपत्र खिशात ठेवा."

कंडक्टरने निमूटपणे फीत काढून दिली. मागच्या खेपेला याच दाराशी त्याच्या बुटांच्या नाड्या काढून घेतल्या होत्या. आज मात्र तो पेशंट नव्हता. मनाच्या आजारातून उठलेल्यांनी आजारी माणसांचे सोबती व्हायचं, त्याचं हे प्रशिक्षण. वर्गातला भाग संपला होता, वॉर्डातला आज पहिला दिवस. निभावलं तर नेमणूक. नाहीतर परत बस डेपोतलं कोपऱ्यातलं टेबल आणि त्याच्याशी जपून जपून बोलणारी माणसं.

"घाबरलात?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"छे हो! खच्चून भरलेली बस सांभाळलीय मी." शर्ट मात्र पाठीला चिकटला होता.

ते आत गेले. मामाने मागे किल्ली फिरवली, तसं कंडक्टरने वळून पाहिलं. तोच फिनेलचा वास, तीच जमिनीत पक्की रोवलेली बाकं. भिंतीशी एका बाकावर नवे दाखल झालेले मास्तर पाय पोटाशी घेऊन बसले होते.

"आल्यापासून ना बोलतात, ना गोळी घेतात," बाई हळूच म्हणाल्या. "नुसते शेजारी बसा. उपदेश नको आणि खोटा धीर तर मुळीच नको."

एवढं सांगून होतंय तोच त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं. त्या गेल्या. दारावरच्या मामाचीही ड्युटी बदलली, नवा मामा आला. कंडक्टरला ओळखणारं असं आता आत कुणी उरलं नाही.

तो मास्तरांच्या बाकावर टेकला. घरी आरशासमोर घोकलेली वाक्यं कुठल्या कुठे पळाली होती. मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

मग चाकांची खडखड आली. औषधांची गाडी. "चला, गोळ्या!" सिस्टरने हाक दिली.

पुढे काय झालं ते त्याला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. पाय आपोआप उठले. तो बरा झाला हे त्या पायांना बहुतेक कुणी कळवलंच नव्हतं. भानावर आला तेव्हा तो रांगेत होता, तळहात पुढे केलेला.

सिस्टर तरुण होती, नवी दिसत होती. "काका, तुमची खाट कुठली?"

उत्तर द्यायचं सोडून कंडक्टरने आ वासला. जीभ वर उचलली, मग एक गाल दाखवला, मग दुसरा. गोळी गिळली की लपवली, हे तपासायला दाखवतात अगदी तसं.

"अहो, आधी घ्या तरी!" मागून कुणीतरी म्हणालं. रांग हसली.

"मी पेशंट नाही," कंडक्टर म्हणाला.

म्हणाला आणि त्याला मागची खेप आठवली. हेच वाक्य त्याने याच जागी उभं राहून म्हटलं होतं. इथं सगळेच म्हणायचे.

"बरं," सिस्टर गोड आवाजात म्हणाली. "आज वार कोणता, सांगता?"

वार. सकाळी तर माहीत होता. बायकोने डबा हातात देताना काहीतरी म्हटलं होतं, वारावरूनच. आठवेना. काही केल्या आठवेना. ओळखपत्रासाठी त्याने घाईघाईने खिशात हात घातला, तशी सिस्टर एक पाऊल मागे सरली. "मामा, जरा इकडे या."

मामाने त्याचं कोपर धरलं. "चला काका, बसून बोलू."

हाताला झटका द्यायचा नाही. कंडक्टरला पक्कं ठाऊक होतं, इथं हात झटकला की संपलं सगळं. देवा, आता हे घरी कळवणार. पोरं पुन्हा भेटीला येऊन काचेपलीकडून बघणार.

"बाईंना बोलवा," तो म्हणाला. आवाज लहान पोराचा आला.

बाई आल्या. उलगडा झाला. सिस्टर ओशाळली. "माफ करा हं काका. तुम्ही इतकं बरोबर तोंड उघडलंत, की…"

"आज पुरे," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, पण चेहऱ्यावरून काही कळतही नव्हतं. "घरी जा. बाकीचं नंतर बघू."

मामाने दार उघडलं. नेमणूक गेली तर गेली खड्ड्यात, आधी बाहेर पडू, असं मनाशी म्हणत कंडक्टरने एक पाय उंबऱ्यापलीकडे टाकलाही.

"ओ."

मास्तर बोलले होते. बाईसुद्धा चमकून वळल्या.

"तुम्ही इथलेच ना?"

"होतो."

"मग सोडलं तुम्हाला? खरंच सोडतात?"

"सोडतात. मला सोडलं."

मास्तरांनी ओठांवरून जीभ फिरवली. "आता भीती नाही वाटत?"

नाही, असं म्हणणं किती सोपं होतं! कंडक्टरने बाईंकडे पाहिलं.

"वाटते हो. आत्ता तर जाम वाटतेय." त्याने हात पुढे केला. हात लटलट कापत होता. "हे बघा."

मास्तर त्या हाताकडे बघत राहिले. मग पोटाशी घेतलेले पाय त्यांनी खाली सोडले आणि बाकावर थोडे सरकले. एका माणसापुरती जागा झाली.

दार धरून मामा कंटाळला होता. "काका, आत की बाहेर? काय ते एक ठरवा."

बसच्या पायरीवर लोंबकळणाऱ्यांना कंडक्टर जन्मभर हेच विचारत आला होता.

"आत," तो म्हणाला. बाहेरचा पाय त्याने ओढून घेतला. "लावून घ्या दार."