हेरन्स कुठेही जाणार नाहीत

"सामना सुरू व्हायच्या आधी मी मैदानात उतरून लोकांना सांगणार आहे," डेंटन व्हॉस म्हणाला. "हेरन्स इथेच राहणार, की हा शेवटचा हंगाम. काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा."

महापौर अर्डिथ कोवालिकने खिडकीबाहेर बघितलं. डेंटनचं ऑफिस स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर होतं. एका खिडकीतून मैदान दिसायचं, दुसरीतून शहराचा पोहण्याचा तलाव. तलावात पोरांचा नुसता धुडगूस चालला होता. खाली दरवाजे उघडले होते. परतलेल्या कांद्याचा वास वरपर्यंत येत होता.

पोलादाचा कारखाना बंद पडल्यावर केल्सी फॉल्स शहराकडे मिरवायला एवढंच उरलं होतं: हेरन्स, बेसबॉलचा एक दुय्यम संघ. इथली पोरं एक-दोन हंगाम खेळून वरच्या संघात जायची, नाहीतर मुकाट घरी. तरी लोक यायचे. मैदान शहराचं, संघ व्हॉस घराण्याचा. पुराच्या वर्षी अर्धं गाव याच गॅलरीत झोपलं होतं आणि खेळाडूंनी त्यांना सूप वाढलं होतं.

"तुझ्या आजोबांनी—" अर्डिथने सुरुवात केली.

"आजोबांचं नाव नका काढू. ते होते तेव्हा कारखानाही होता." डेंटनने कोपऱ्यातल्या माणसाकडे हात केला. "हे मार्लोहून आलेत. तिथल्या नगरसभेतर्फे. नवंकोरं स्टेडियम बांधून देताहेत."

तो माणूस उठला. करडा सूट, काळा चष्मा, डोक्यावर गवती हॅट. त्याने मान किंचित झुकवली. "आमचं शहर वाट बघतंय," एवढंच म्हणाला आणि पुन्हा बसला.

सकाळी बेकरीत म्हाताऱ्या झोफियाने अर्डिथचं मनगट धरून विचारलं होतं, "अगं, आपली पोरं राहतील ना?" बाकी कुणी विचारलं नव्हतं. नुसते बघत होते. संघाबरोबरच्या करारावर सही करायचा अधिकार नगरसभेने तिला एकटीला दिला होता. जमलं तर सगळ्यांचं, बिघडलं तर तिचं.

"तुझं म्हणणं काय आहे?"

"पाच वर्षं राहतो. पण तलावाची जागा द्यायची. मला गाड्या लावायला जागा हवी. नाहीतर मार्लो."

"मग जा."

डेंटनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"जा म्हणते," अर्डिथ शांतपणे म्हणाली. "मैदान काही ओस पडणार नाही. तो बघ."

दूर कुंपणापाशी पिवळं जाकीट घातलेला एक उंच म्हातारा तिकाटण्यावर यंत्र लावून उभा होता. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो बारकाईने बघत होता.

"कोण आहे तो?"

"गोदामवाले. केव्हाचे मागे लागलेत. आज मोजणीला येतो म्हणाले. म्हटलं, सामन्याच्या आधी उरका, मग गर्दी होते."

"इथे? गोदाम?" डेंटनचा आवाज चिरकला. "लोक तुम्हाला फाडून खातील!"

"मला खातील. तुझं काय जातंय? तू तर मार्लोत असशील."

डेंटन खिडकीशी गेला. त्याच्या मानेवर घाम आला होता. मार्लोचा माणूस हॅटची कड चाचपत बसला होता. खाली सामन्याआधीचा ऑर्गन वाजायला लागला. शेवटी डेंटन वळला.

"वीस वर्षं," तो म्हणाला. "वीस वर्षं संघ हलणार नाही. लिहून देतो. पण तलाव द्या. त्याच्याशिवाय मला जमणार नाही, अर्डिथबाई. मग मी खरंच जाईन."

अर्डिथने दुसऱ्या खिडकीतून बघितलं. याच तलावात ती पोहायला शिकली होती आणि नंतर सात उन्हाळे तिने तिथे पोरांना शिकवलं होतं. कारखान्याच्या चाळींमधल्या तापलेल्या खोल्यांतली पोरं अजूनही दिवसभर तिथेच पडलेली असत. एक मुलगी उंच फळीच्या टोकाला उभी होती. उडी मारू की नको, अशी घुटमळत होती.

अर्डिथने मार्लोच्या माणसाकडे बघितलं. तो घड्याळ बघत होता.

मुलीने उडी मारली. अर्डिथने पेन उचललं.

डेंटनने मैदानात जाऊन "हेरन्स कुठेही जाणार नाहीत!" म्हटलं, तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. कुणीतरी "अर्डिथ! अर्डिथ!" असा घोष सुरू केला. तिने हात हलवला, हसली, आणि मागच्या दाराने गाडीकडे गेली.

पिवळं जाकीट घातलेला म्हातारा गाडीत आधीच येऊन बसला होता. यंत्र मागच्या सीटवर टाकलेलं होतं.

"कसं झालं माझं काम?" त्याने विचारलं.

"झकास, लीलंडमामा." तिने डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. "तो घाबरला. गोदाम खरंच आहे असं वाटलं त्याला. तलाव गेला मात्र. काय करणार? मार्लोचा माणूस समोरच बसला होता."

"कोण? तो गवती हॅटवाला?"

"हो. तू कुठे बघितलास?"

"आत्ता फाटकाशी. मला बघून तोंड लपवून पळाला गं." मामा जाकिटाची बटणं काढता काढता थांबला. "मार्लोचा कसला, अर्डी? मी कॉलेजात नाटक शिकवायचो ना, तेव्हा तीन वर्षं राजाचं काम तोच करायचा."