रोहण्याचा हात

तानाबाईनं भिंतीला कान लावला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मे महिन्याची दुपार होती. माधवी वही उघडून शेजारी थांबली होती.

"आतून वली हाय," म्हातारी म्हणाली. "वरून शिमिट कोनं लावलं?"

माधवीनं वहीत मान घातली. गेल्या वर्षी ते तिच्या संस्थेनंच लावलं होतं.

सेवाग्रामच्या रस्त्यावरचं हे मातीचं सभागृह साठ वर्षं धड उभं होतं. जतन करायला म्हणून संस्थेनं हाती घेतलं आणि पाच वर्षांत त्याची रया गेली. दिल्लीचे तज्ज्ञ आले, परदेशातले आले, फोटो काढून, संत्री खाऊन गेले. प्रयोगशाळेनं टक्केवारीसकट मातीचा अहवाल पाठवला. त्या मापानं केलेला गिलावा तिसऱ्या दिवशी पापडासारखा सुटला. आता पाऊस पंधरा दिवसांवर होता, आणि भिंतींना मातीच्या गिलाव्याची छबाई झाली नाही तर सभागृह खाली बसणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. हा मातीचा गिलावा पूर्वी रोहण्याच्या बाया करायच्या, असं चिंधू मजुरानं सहज बोलता बोलता सांगितलं. पाच वर्षांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्या बायांतली एकच उरली होती, तानाबाई. माधवीनं रोहण्याला जाऊन तिला जयभीम केला आणि जीपमध्ये बसवून आणलं.

"सांगीन मी," तानाबाई म्हणाली. "पन सांगतलं का हातातून जाते."

"काय जातं, आजी?"

"हेच. सासूनं मले दुपारी शिकवलं. संध्याकाळी तिले सोताची चूल पोतारता येये ना. चुलीपुढं बसून राह्यली, हाताकडे पाहत."

"म्हणून तुम्ही कुणाला शिकवलं नाही?"

"लेकीचं घर शिमिटचं, सुनेचंबी. कोनाले देऊ?" तिनं भिंतीवर हात ठेवला. "हिले पायजे."

माधवी हसली. जुनी माणसं असं काहीबाही बोलतात. तिनं वहीत नवं पान काढलं.

गावठाणातली पांढरी माती चार टोपले. शेण एक टोपलं. गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, आठ दिवस भिजवून आंबलेलं. तानाबाईनं नुसता 'भिजत घाल' असा निरोप धाडला होता, त्याप्रमाणे चिंधूनं ते आधीच तयार ठेवलं होतं. तानाबाई सांगत गेली, माधवी लिहीत गेली. चिंधू ते सगळं कालवलेल्या गुडघाभर गाऱ्यात उतरून पायांनी तुडवू लागला.

"माती अजून टाकू का, आजी?" त्यानं विचारलं. "किती टोपले म्हनलं होतं?"

तानाबाईनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिनं गाऱ्याकडे पाहिलं, मग माधवीकडे.

"तिले पूस," ती म्हणाली. "तिच्यापाशी हाय."

चिंधू हसला. माधवीला हसू आलं नाही. तिनं मागचं पान उलटलं आणि सावकाश विचारलं, "आजी, कुटार किती दिवस भिजवायचं?"

"कुटार?" म्हातारीनं विचारलं. "ते काऊन भिजवा लागते?"

उन्हानं पत्रे तडतडत होते आणि माधवीच्या अंगावर काटा आला. वही मिटावी, म्हातारीला जीपमध्ये घालून घरी सोडावं, असं तिच्या मनात आलं. पण एकच गोष्ट राहिली होती. सिमेंट न लागलेल्या भिंतीवर त्या बायांच्या हातच्या अर्धगोल रेघा होत्या, एकीत एक अडकलेल्या, आणि तो हात काही वहीत आला नव्हता. त्याशिवाय नुसतं माप घेऊन काय करायचं? तिला भीती वाटत होती. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा घाई जास्त होती.

"आणि हात कसा फिरवायचा, आजी?"

तानाबाईनं तिच्याकडे वळून पाहिलं.

"पुसून राह्यली का तू मले?"

"हो," माधवी म्हणाली.

म्हातारीनं गाऱ्याचा गोळा तिच्या हातात दिला आणि मागून तिचं मनगट धरलं. एवढ्या उन्हात तो हात माठासारखा थंड होता. मनगटाजवळचा तळवा आधी, मग बोटं. दाबायचं, ओढायचं, सोडायचं. पहिली रेघ वाकडी गेली. दुसरी बरी आली. मग माधवीचं भान हरपलं. गारा संपला की चिंधू नवा देत होता, एवढंच कळत होतं. भान आलं तेव्हा खिडकीपर्यंतची भिंत झाली होती. जुन्या रेघा कुठं संपतात आणि नव्या कुठं सुरू होतात, ते तिचं तिलाच दाखवता आलं नसतं. मनगटावर कुणाचाच हात नव्हता. तो केव्हा निघाला, तेही तिला ठाऊक नव्हतं.

तानाबाई कडुनिंबाखाली बसली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून ती त्यांच्याकडे पाहत होती. चिंधूनं चहा दिला, तर कप धरायला तिला जरा वेळ लागला.

माधवीनं संस्थेचा छापील तक्ता काढला. माहिती कोणाकडून मिळाली, या रकान्यात तिनं तानाबाईचं नाव लिहिलं आणि अंगठ्यासाठी तक्ता तिच्यापुढं धरला. म्हातारीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि ओल्या रेघांवर बोटं ठेवली. रेघ एकीकडे जात होती, बोटं दुसरीकडे.

"चांगला हात हाय तुहा," ती कौतुकानं म्हणाली. "कोनापाशी शिकली, पोरी?"