हिस्केसाठी लिहिलेली जागा

“मी नाही असलं काही करणार. नवरा आहे तो माझा!” हिस्के म्हणाली.

“म्हणून तर तू,” लुबर्ट म्हणाला. तो पहिला व्हायोलिनवादक, ती ओबो ही सनईसारखी पाश्चात्य सुषिरवाद्य वाजवणारी. ग्रोनिंगेनच्या त्या वाद्यवृंदात संचालकाखालोखाल त्याचाच शब्द चाले. “ओबो एकटाच वाजतो, तिथे एक सूर मुद्दाम चुकव. तुझ्या राइंडर्टने पकडला, तर आम्ही सगळे त्याची माफी मागू. नाही पकडला, तर... अगं, ऐकू येत नाही त्याच्या हातात छडी किती दिवस ठेवायची?”

संचालकाचा कान असा चोरून तपासायची वादकांची रीत जुनीच. तरुणपणी राइंडर्टनेही एका म्हाताऱ्याला असाच नारळ दिला होता. घरी पाहुणे आले की तो किस्सा रंगवून सांगायचा.

आज तालमीला त्याची स्वतःची सिंफनी होती. जन्मभर दुसऱ्यांचं संगीत उभं केलं, आता पहिल्यांदाच स्वतःचं. त्यातली ओबोची जागा त्याने हिस्केसाठीच लिहिली होती. सकाळी न्याहारीला तिने पाव तसाच ठेवला. डोळे का लाल, असं त्याने विचारलं, तर म्हणाली सर्दी. नवऱ्यापासून काही लपवणं तिला कधी जमलंच नव्हतं.

ती जागा जवळ आली तशा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. राइंडर्ट मात्र बायकोकडे एकटक बघत होता. हिस्केने डोळे मिटले आणि ओबो फुंकला.

छडी स्टँडवर आपटली. सगळे थांबले.

“हिस्केबाई, सूर चुकला!” राइंडर्ट मिस्कील हसला. “चोरावर मोर व्हायला निघालात होय? हे उद्योग मी तुमच्या आधी केलेत!”

कुणी हसलं नाही. लुबर्टने व्हायोलिन मांडीवर ठेवलं आणि कपाळाला हात लावला. हिस्केला रडू आवरेना.

“अगं, रडतेस काय वेडे? मला राग नाही आला. पुन्हा घे, आता नीट वाजव.”

तिने पुन्हा वाजवलं.

“हां, आता कसं!” तो खुलून म्हणाला.

ऐनवेळी हिस्केचा धीरच झाला नव्हता. दोन्ही खेपांना तिने त्याने लिहिलेला सूरच वाजवला होता.