आतून कडी

"बाईंच्या तक्रारी काही संपत नाहीत," वॉर्डाचे डॉक्टर म्हणाले. "माझ्या मते त्यांनी अजून इथेच राहावं."

मनोरुग्णालयाच्या जेवणघरात टेबलं जोडून सुनावणी चालली होती. पलीकडे रुग्णांची दाद ऐकणाऱ्या मंडळाची तीन माणसं: एक निवृत्त न्यायाधीश, बाहेरून बोलावलेल्या एक डॉक्टरीणबाई आणि एक समाजसेविका. अलीकडे भिंगरी. पार्लर चालवायची; गल्लीत सगळे तिला भिंगरी म्हणूनच ओळखत. मनाविरुद्ध इथे ठेवलंय, मला घरी जाऊ द्या, अशी दाद तिने मागितली होती. मागे तिची थोरली बहीण, ताई, बसली होती, पर्स पोटाशी घट्ट धरून.

"कसल्या तक्रारी?" न्यायाधीशांनी विचारलं.

"इथे बाई आली की तिचे केस भादरून टाकायचे," भिंगरी म्हणाली. "विचारणं नाही, पुसणं नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजी डोक्यावरून हात फिरवत दिवसभर रडल्या. तक्रार करायचा हक्क आहे असं पाटीवर लिहिलंय. वाचलं आणि केली."

"मग?"

"आता विचारून कापतात. वाकडेतिकडेच कापतात, पण विचारून."

समाजसेविकेने तोंडाला रुमाल लावला. वॉर्डाच्या डॉक्टरांनाही हसू आवरेना.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "तुम्ही आजारी होता, हे तुम्हाला पटतं?"

भिंगरीने घोकून ठेवलेलं सगळं ऐन वेळी उडून गेलं.

"पटतं," ती हळूच म्हणाली. "डोळ्याला डोळा लागत नव्हता. ताईच्या हातचं पाणी पीत नव्हते, विष घालील म्हणून. तिने इथे आणलं ते बरंच केलं. औषधाचा गुण आला, ते मी घेत राहीन. पण गुण आल्यावर माणसाला घरी सोडायला नको?"

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"तुम्ही न्याल यांना?" न्यायाधीशांनी तिला विचारलं.

"नेते की," ताई नाक पुसत म्हणाली. "पण ती गप्प बसणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"गप्प बसायची अट आम्ही घालत नाही."

तिघांनी डोकी जवळ आणली, कुजबुजले. डॉक्टरीणबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"औषधासाठी इथे येत जा," न्यायाधीश म्हणाले. "राहायला नको. घरी जा."

"कधी?"

"आत्ता."

भिंगरी उठली, बसली, परत उठली. मग ताईच्या गळ्यात अशी पडली की दोघी खुर्चीसकट कलंडता कलंडता वाचल्या. दाराबाहेर कान लावून उभ्या असलेल्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आजींनी तर शिट्टी वाजवली.

घरी पोचल्यावर भिंगरीने चहाही घेतला नाही. थेट न्हाणीघरात शिरली आणि दार लोटून आतून कडी लावली. काढली. पुन्हा लावली. इतके दिवस तिच्या प्रत्येक दाराला कडी होती ती बाहेरून.

तिने नळ पूर्ण सोडला आणि गाऊ लागली.

"अगं, बरी आहेस ना?" बाहेरून ताईचा घाबरा आवाज आला.

भिंगरीने आवाज तेवढा चढवला, सूर पार सोडून.

बाहेरून मग ताईने, तितक्याच बेसूर गळ्याने, पुढची ओळ उचलली.